इंग्लंडात जुन्या ब्रिटिश गाड्यांचा शो बघायला ग्रुपने कसं जायचं

इकडे यूकेत एप्रिल आला की जुन्या गाड्या गॅरेजमधून बाहेर पडायला लागतात आणि मग सप्टेंबरपर्यंत जवळपास दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात, मैदानात नाहीतर एखाद्या जुन्या वाड्याच्या लॉनवर शो असतोच. आपली मंडळी जातात, तासाभरात दोनशे फोटो काढतात, बर्गर खातात आणि "छान होतं पण नंतर नंतर सगळ्या गाड्या सारख्याच वाटायला लागल्या" म्हणत घरी येतात. वाटणारच, कारण बघायचं काय हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. माझं सरळ मत आहे की अशा शोमध्ये आठ-दहा गाड्या नीट बघाव्यात आणि बाकीच्या सोडून द्याव्यात, आणि नीट बघायच्या म्हणजे गाडीमागे फोल्डिंगच्या खुर्चीत जो माणूस टोपी घालून चहा पीत बसलेला असतो ना, त्याच्याशी बोलायचं. नुसती गाडी तर म्युझियममध्येही उभी असते. हे सगळं कसं जमवायचं ते खाली क्रमाने लिहितोय.

१. आधी शो कुठला ते ठरवा

सगळे शो एका जातीचे नसतात आणि पहिल्यांदा जाणारे नेमकं इथेच गडबडतात, नाव ऐकलेलं असतं म्हणून थेट सगळ्यात महागड्या ठिकाणी जातात.

गुडवुड रिव्हायव्हल हे मोठं नाव. वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टरजवळ, सप्टेंबरात. तिथलं रेसचं सर्किट १९४८ ला सुरू झालं, १९६६ ला तिथल्या मोठ्या रेस बंद झाल्या आणि १९९८ पासून हा रिव्हायव्हल भरतो, म्हणून तिथे त्याच काळातल्या गाड्या खऱ्याखुऱ्या रेस करतात, नुसत्या उभ्या नसतात. लोकंही चाळीस ते साठच्या दशकातले कपडे घालून येतात. सगळीकडे सक्ती नाही, पण जवळजवळ सगळेच घालतात आणि जीन्स-जॅकेटमध्ये आपण उगाच उठून दिसतो. बायकांना इथे फार सोपं आहे, आजीची कॉटनची किंवा सिल्कची साडी, अंबाडा, झालं, एकदम त्या काळातलं, आणि फोटो तुमचेच निघतात. तिकीट मात्र महाग आणि कितीतरी आधी काढावं लागतं.

बर्मिंगहॅमच्या एनईसी या मोठ्या प्रदर्शन केंद्रात नोव्हेंबरात मोठा क्लासिक मोटर शो असतो, तो आत हॉलमध्ये असतो म्हणजे पावसाची भानगड नाही आणि बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनला लागूनच आहे, म्हणून गाडी नसलेल्यांना हा बरा. पण गर्दी भयंकर आणि गाड्या दिव्याखाली पॉलिश करून ठेवलेल्या, इंजिनाचा आवाज नाही. मला तिथे दोन तासांनी डोकं दुखायला लागतं.

फुकटात बघायचं असेल तर लंडन ते ब्रायटन व्हेटरन कार रन, नोव्हेंबरचा पहिला रविवार, सूर्य उगवायच्या सुमाराला हाइड पार्कमधून गाड्या सुटतात. १९०५ च्या आधीच बनलेल्या गाड्यांना यात जागा, आणि हे सगळं १८९६ च्या नोव्हेंबरात निघालेल्या पहिल्या रनच्या आठवणीत, तेव्हा कायदा बदलून गाड्यांची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेली होती त्याचा तो जल्लोष होता. थंडीत कुडकुडत बघायला मजा येते, पण मालकांशी बोलता येत नाही, ते बिचारे हँडल मारण्यात गुंतलेले असतात.

म्हणून पहिल्या खेपेला माझा सल्ला दोनपैकी एक. एकतर तुमच्या जवळच्या गावातला उन्हाळी शो, एखाद्या चॅरिटीसाठी भरवलेला, चार-पाच पौंडात तिकीट, शंभरएक गाड्या. नाहीतर वॉरिकशायरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे तिथे उन्हाळ्यात वेगवेगळ्या क्लबांचे मेळावे असतात, त्यातला एखादा पकडा, म्हणजे बाहेर मैदानात शो आणि पाऊस आला तर आत म्युझियम, मुलांचीही सोय होते.

२. ग्रुप जमवा, पण पाच-सहाजणच

दहा-पंधराजण घेऊन गेलात तर दिवसभर फक्त "कुठेयस रे?" एवढंच चालतं. आणि ग्रुपमध्ये साधारण हेच नमुने असतात: एकाला फक्त लँड रोव्हर दिसते, एकाला कॅमेरा, एक जण प्रत्येक गाडीची किंमत मोबाइलवर शोधतो, आणि एक जण नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर ओढत आणलेला असतो. सगळ्यांनी एकत्रच फिरायचं हा हट्ट सोडा. सकाळचा पहिला तास एकत्र, मग जो तो आपल्या वाटेने, आणि एक वाजता ठरलेल्या जागी जेवायला. जागा ठरवताना "चहाच्या व्हॅनजवळ" म्हणू नका, तशा चार असतात, एखादा क्लबचा मोठा झेंडा बघून ठेवा. मोकळ्या माळावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना नक्की न्या. मॉल आणि राजाचा राजवाडा बघून कंटाळलेले बाबा इथे अचानक गाइड होतात, कारण यातल्या कितीतरी गाड्या त्यांनी लहानपणी रस्त्यावर बघितलेल्या असतात.

३. आदल्या रात्री अर्धा तास अभ्यास

हे कुणी करत नाही आणि खरा फरक इथेच पडतो.

सगळ्यात आधी नंबर प्लेट वाचायला शिका. १९६३ पासून हळूहळू इथल्या नंबरात शेवटी एक अक्षर यायला लागलं आणि ते वर्ष सांगतं. शेवटी सी असेल तर १९६५, एफ असेल तर १९६७-६८, के असेल तर १९७१-७२. १९८३ च्या ऑगस्टपासून हे अक्षर पुढे आलं. अक्षरच नसेल तर गाडी बहुधा त्याआधीची, किंवा मालकाने हौसेने जुना नंबर विकत घेऊन लावलेला, तेही इथे चालतं. काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरं दिसली तर ती १९८० च्या आधीची. एवढं कळलं की लांबूनच "ही सदुसष्टची" म्हणून टाकता येतं आणि ग्रुपमध्ये भाव वधारतो.

मग या चार-पाच गाड्या ओळखायला शिका, प्रत्येक शोला सापडतातच.

मॉरिस मायनर. १९४८ ला लंडनच्या मोटर शोमध्ये आली, डिझाइन अ‍ॅलेक इसिगोनिसचं. याची गंमत अशी की गाडी जवळपास तयार झाल्यावर साहेबांना ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी उभी मधोमध कापली आणि दोन भाग चार इंच लांब सरकवून बघितले, मग तशीच बनवायची ठरली. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टा दिसतो. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर तर आधीच बनून पडले होते, ते मधून कापून तुकडा घालून लावले, तो जोड दिसतो का बघा, दिसला तर गाडी अगदी जुनी. हिचंच ट्रॅव्हलर नावाचं लाकडी चौकटीचं मॉडेल असतं, ते लाकूड शोभेचं नाही हं, मागच्या भागाला खरंच त्याचा आधार आहे, ते कुजलं तर गाडी तपासणीत नापास.

मिनी. १९५९, पुन्हा इसिगोनिस. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलची टंचाई झाली म्हणून छोटी, कमी पिणारी गाडी हवी होती. बॉनेट उघडलेलं दिसलं की इंजिन आडवं बसवलेलं बघा, गिअरबॉक्स त्याच्याच खाली त्याच ऑइलमध्ये, त्यामुळेच जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसतात. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवंच असतं.

एमजीबी. उघड्या टपाची दोन सीटर, १९६२ ते १९८०, ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांवर. यात दोन पंथ आहेत. १९७४ पर्यंतच्या गाड्यांना चकचकीत क्रोमचे बंपर आणि नंतरच्यांना अमेरिकेच्या नियमांसाठी काळे जाड रबरी बंपर, शिवाय गाडी थोडी उंचही केली. क्रोमवाले रबरवाल्यांना मोजत नाहीत, रबरवाले म्हणतात आमची स्वस्तात मिळाली आणि रोज चालवतो. कुठल्याही एका बाजूने बोलायच्या आधी समोरच्याचा बंपर बघा म्हणजे झालं.

जॅग्वार ई-टाइप सांगायची गरज नाही, गर्दी दिसेल तिथे जा. १९६१ ला जिनिव्हाच्या शोमध्ये आली तेव्हा लोकांनी चालवून बघायला एवढी झुंबड केली की दुसरी गाडी हवी झाली आणि कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस कोव्हेंट्रीहून रातोरात ती चालवत घेऊन गेला. हेडलाइटवर तिरपी काच असेल तर गाडी सुरुवातीच्या काळातली.

आणि आता आपल्या घरच्या. ट्रायम्फ हेराल्ड, १९५९, इटलीच्या मिकेलॉटीने आखलेली, हिचं अख्खं नाक बॉनेटसकट पुढे उघडतं आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. हीच आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनली. आणि मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी सिरीज दिसली की थांबाच, म्हणजे न थांबता राहणारच नाही, कारण समोर अँबॅसडर उभी असते! इथे ती १९५९ पर्यंतच बनली आणि आपण तिला २०१४ पर्यंत बनवत राहिलो. मालकाला हे बहुतेक माहीत असतं, पण सरकारी पांढरी अँबॅसडर, मागे पडदे, मागच्या सीटवर पाचजण हे तुम्ही सांगितलंत तर त्याच्यासाठी नवीन असतं.

४. सामान

यादी लांबवत नाही. मैदानात चिखल असतो, बूट तसे घाला. जूनमध्येही पावसाचं जॅकेट आणि त्याच दिवशी उन्हाची टोपी, दोन्ही. थोडी सुटी रोकड, कारण छोट्या शोला गेटवर आणि सामानाच्या स्टॉलवर कार्ड चालेलच असं नाही. बसायला चटई किंवा फोल्डिंग खुर्च्या.

खाण्याचं म्हणाल तर बर्गरच्या व्हॅनसमोर अर्धा तास लाइन असते आणि व्हेज म्हणजे चिप्स. बहुतेक मैदानी शोला घरचा डबा चालतो (तिकिटावर बघून घ्या), तर पोळीभाजीचे रोल, थर्मासमध्ये चहा, आणि एक पुडा बाकरवडी जास्तीची. ती जास्तीची का ते पुढे येतंय.

५. लवकर पोचा आणि गेटवर उभे राहा

शो दहाला सुरू होणार असेल तर गाड्या आठ-साडेआठपासून यायला लागतात. शोमधली ही सगळ्यात भारी वेळ आणि नेमकी तेव्हा पब्लिक घरी नाश्ता करत असते. एकदा गाडी गवतावर लावली की दिवसभर ती गप्प, पण आत येताना प्रत्येकीचा आवाज ऐकायला मिळतो, मायनरचा एक्झॉस्ट तर रेस सोडली की पुर्रपुर्र करतो, जॅग्वारचं सहा सिलिंडरचं इंजिन जवळून गेलं तरी नीट कळत नाही, आणि एखादी जुनी लँड रोव्हर आली की सगळे पत्रे खडखडतात (ते ॲल्युमिनियमचे, १९४८ ला लढाईनंतर पोलाद मिळत नव्हतं म्हणून). कुणाचा चोक ओढलेलाच राहिलाय आणि काळा धूर निघतोय हेही तिथेच दिसतं. अर्धा तास थांबा, इथेच ठरवा कुठल्या आठ-दहा गाड्या जवळून बघायच्या.

६. मालकाशी बोलायचं

इंग्रज माणूस स्वतःहून बोलत नाही हा आपला समज इथे पार उलटा पडतो. गाडीबद्दल विचारलंत की थांबवणं अवघड. फक्त सुरुवात नीट करा.

पहिलं म्हणजे गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, आणि वाकून आत बघताना गळ्यातला कॅमेरा, बॅगेची चेन, जीन्सचं बटण पत्र्याला लागतंय का बघा, तो रंग देण्यात त्याचे महिने गेलेले असतात. मुलांच्या हातात आइस्क्रीम असेल तर ते संपल्यावरच पुढे.

दुसरं, "केवढ्याला घेतली" हा प्रश्न तोंडावर आला तरी गिळा. आपल्याकडे तो आपुलकीचा, इथे तो उद्धट. त्याऐवजी "किती वर्षं आहे तुमच्याकडे?" विचारा, साधा प्रश्न आहे पण याचं उत्तर क्वचितच एका वाक्यात येतं. वडिलांची होती, मग विकली, मग तीस वर्षांनी तोच नंबर जाहिरातीत दिसला, अशा कथा निघतात. मग "काम स्वतः केलंत का?" स्वतः केलं असेल तर काचेमागे किंवा सीटवर फोटोंची फाइल ठेवलेली असतेच, ती तुम्ही मागायचीच ते वाट बघत असतात. त्यात गाडी गंजलेला सांगाडा होती तिथपासूनचे फोटो असतात आणि ते बघितल्यावर समोरची चकचकीत गाडी वेगळीच दिसते.

तिसरा प्रश्न माझा आवडता: "रस्त्यात कधी बंद पडली का?" यावर ते हसतात आणि मग लुकासचा विषय निघतो. लुकास म्हणजे या गाड्यांचं वायरिंग, दिवे, डायनॅमो बनवणारी बर्मिंगहॅमची कंपनी, तिला हे लोक प्रेमाने अंधाराचा राजपुत्र म्हणतात. ऑइल गळतीचंही तसंच, खाली ट्रे ठेवलेला असतो आणि "गळत नसेल तर समजायचं संपलंय" हा विनोद दिवसातून तीनदा ऐकाल, तिन्ही वेळा हसा. त्यामागे खरं कारणही आहे, त्या काळच्या कितीतरी इंजिनांत क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) मागे रबरी सीलच नसायचं, आट्यांसारखी खाच पाडलेली असायची, इंजिन फिरताना ती ऑइल आत ढकलायची आणि बंद केलं की थोडं थेंब थेंब बाहेर.

तुम्ही भारतातले हे कळलं की टाटांचा विषय येतोच, २००८ ला टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर घेतली ना. कुणी कौतुकाने बोलतं, कुणी जरा खोचक. वादात पडू नका, मॉरिस ऑक्सफर्डवर गाडी आणा.

आणि आता ती बाकरवडी. एकच्या सुमाराला हे लोक डबे उघडतात. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका, पण पुडा पुढे करून "थोडी तिखट आहे" सांगितलंत तर खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि न मागता बॉनेट उघडून मिळतं. कधीकधी मैदानातून एक चक्कर मारू का असंही विचारतात. बसा जरूर, फक्त मागे सीटबेल्ट नसतील तर नियम लक्षात ठेवा, बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल नेता येत नाही आणि त्याहून मोठ्या मुलांनी मागेच बसायचं.

गाडी खरंच किती चांगली आहे हे बघायचं असेल तर रंगाकडे बघू नका. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का बघा, दाराखालचा पत्रा बघा, तिथे पाणी साचून गंज आधी लागतो. लांबी (पुटी) भरून, वर रंग मारून झाकलेलं काम तिरप्या उजेडात लाटांसारखं दिसतं. पण हे बघून शांत राहायचं, मालकाला दाखवायचं नाही. बऱ्याच शोला प्रेक्षकांच्या पसंतीची मतपत्रिका गेटवर देतात, तिथे भागवा. माझं मत नेहमी त्या गाडीला जी चार ओरखडे घेऊन लांबून चालवत आली असेल, ट्रेलरवरून उतरवलेल्या नव्यासारख्या गाडीला देत नाही, यावर ग्रुपमध्ये भांडणं झाली तरी चालतील.

७. सुट्या भागांचा बाजार

बऱ्याच शोला एका कोपऱ्यात ऑटोजंबल असतो, म्हणजे जुन्या भागांचा बाजार. सगळ्यात मोठा हॅम्पशायरमधल्या ब्यूलीला सप्टेंबरात भरतो, १९६७ पासून. ट्रेनने गेलात तर ब्रॉकनहर्स्टला उतरून पुढे टॅक्सी. गाडी नसली तरी इथे मजा आहे, जुनी ब्रोशर, पत्र्याच्या जाहिराती, डिंकीच्या खेळण्यातल्या गाड्या. भारतातल्या कुणासाठी जुन्या गाडीचा भाग घ्यायचा असेल तर नाव नाही, भागावरचा नंबर मागवून घ्या, फोटो पुरत नाही. पाने घेताना सांभाळा, या गाड्यांचे नटबोल्ट इंचातले आणि त्यातही जुन्यांचे व्हिटवर्थ नावाच्या वेगळ्याच मापाचे, आपला दहा-बाराचा पाना बसत नाही. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, पितळ म्हणून विकलेली मुलामा दिलेली लोखंडी वस्तू लगेच कळते. घासाघीस चालते, पण पुण्या-मुंबईसारखी अर्ध्याने नाही, दहा-पंधरा टक्के, आणि हसत. दुपारी तीननंतर भाव आपोआप उतरतात कारण परत गाडीत भरायचा त्यांनाच कंटाळा आलेला असतो.

८. निघताना

साडेतीन-चारला गाड्या बाहेर पडायला लागतात, तेव्हा पुन्हा गेटवर या. हमखास एखादी सुरू होत नाही आणि धक्का मारायला माणसं लागतात. पुढे व्हा, पण आधी मालकाला विचारा कुठे हात लावायचा, कारण बंपरवर किंवा दिव्यावर जोर दिलात तर वाकतं. चिखलात मागच्या चाकाच्या रेषेत उभं राहू नका.

यानंतर स्वतःची एखादी गाडी घ्यावी असा किडा चावलाच तर आधी त्या मॉडेलच्या क्लबचे सभासद व्हा, वर्षाची फी फार नसते आणि गाडी बघायला जाताना जाणकार माणूस बरोबर येतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, फार बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि तशी नोंद केलेली असेल तर लंडनच्या प्रदूषणाच्या झोनचे पैसेही नाहीत. पेट्रोल मात्र बघून भरा, २०२१ पासून साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, म्हणून हे लोक पाच टक्केवालं महागडं सुपर भरतात. आणि गेडनच्या म्युझियममध्ये जुने कारखान्याचे रेकॉर्ड आहेत, पैसे भरले की कितीतरी ब्रिटिश गाड्यांचा मूळ रंग कोणता, कुठल्या तारखेला बनली, कुठे पाठवली याचा दाखला देतात. गाडी घेतल्यावर नाही, घ्यायच्या आधी मालकाकडे तो आहे का विचारा.